सुतकात लागलेली मालिका

नवरा गेल्याचे सुतक होते, टीव्हीवर चादर होती, भावकी दाराशी बसली होती आणि केबलवाल्याने येऊन चादर ओढून काढली.

"आरं, लाज हाय का?" दीर ओरडले.

"हाय की," तो टीव्हीकडे बघतच म्हणाला. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणे त्याला कधी जमलेच नाही. आष्ट्यात घरोघरी तो असाच कानावर टेस्टर अडकवून शिरतो आणि काहीही विचारले तरी "लागंल की" म्हणतो. सून सासऱ्याला टोचून बोलते ती जुनी विनोदी मालिका परत कधी लागणार, असे माझा नवरा त्याला दिसेल तेव्हा विचारायचा. त्यालाही हेच उत्तर.

"मावशी, आजपासनं लागली. पयला भाग चुकू देणार न्हाई, असा शब्द दिलता अण्णास्नी."

दिरांनी त्याचा दंड धरला. येईल त्याच्यासमोर रडून मी दमले होते. म्हटले, "सोडा त्याला. लाव रं."

तो उभ्यानेच बघत राहिला, हसला नाही. पडद्यावर सून म्हणाली, "मामंजी, तुमच्यापरीस म्हैस बरी, दूध तरी देते."

मला हसू आले. दीर उठून गेले.

ज्याला बघायची होती तो गेला. बघायला मी राहिले.