दोनदिशी

बुलेबानच्या जिभेवर आमच्या पेंटेकोस्ट बेटाचा फार विश्वास. कावा म्हणजे एका झाडाची मुळं कुटून केलेलं आमचं नशेचं पेय. त्याचं मूळ चावून तो सांगायचा, हे चांगलं, विका; हे दोनदिशी, फेका. चांगला कावा ओठ बधिर करतो, पाय सैल करतो, डोकं मात्र शांत आणि स्वच्छ ठेवतो. सकाळी माणूस कामाला हजर. दोनदिशी दोन दिवस उतरत नाही. मळमळतं, आणि पाय आपले राहत नाहीत. व्यापारी दारात ताटकळायचे आणि हा गडी डुकरांना खायला घालून मगच तोंड उघडायचा. माज होता, पण त्याला शोभायचा.

ओढ्याकाठचं शेत त्यानं एकट्यानं उभं केलं. मूलबाळ नव्हतं, म्हणून रोझिनाचा, म्हणजे बायकोचा, धाकटा भाऊ तारी याला हाताशी धरलं. बांधावरचं झाड न् झाड त्याला दाखवलं. मी म्हणालो, "अरे, सगळंच काय शिकवतोस त्याला?"

"घरचाच आहे रे. तुझ्या का पोटात दुखतंय?"

मग पलीकडच्या गावातल्या एका घराण्यानं शेतावर हक्क सांगितला. आमच्याकडे निवाडा सरळ असतो. बांध चालायचा, झाडांची नावं घ्यायची. जो बरोबर चालेल त्याचं शेत. बुलेबान निर्धास्त होता. आदल्या संध्याकाळी नाकामालात, आमच्या कावा प्यायच्या झोपडीत, पहिली करवंटी त्यानं स्वतःच्या हातची प्यायली. ओठ, जीभ बधिर झाली.

तारी म्हणाला, "दाजी, आता बसा तुम्ही. पुढची मी आणतो."

तारीनं आणलेल्या दोन करवंट्या बुलेबाननं एका दमात रिकाम्या केल्या. बधिर जिभेला कसली चव!

सकाळी त्याला सगळं आठवत होतं, नीट बोलताही येत होतं. पाय तेवढे ऐकत नव्हते. उभा केला की खाली बसायचा आणि ओकायचा. आम्ही त्याला चटईवर घालून शेतावर नेलं.

तारी पुढे झाला. "दाजींच्या जागी मी चालतो."

आणि चालला की हो! वड, नीरफणस, काळा खडक, एकही चुकला नाही. प्रत्येक नावाला चटईवरचा बुलेबान मान डोलवत होता, डोळ्यांत पाणी. पलीकडचे लोक मुकाट्यानं निघून गेले. तेव्हा तारी निवाडा करणाऱ्या गावच्या प्रमुखांकडे वळला. "बांध मी चाललो. शेत माझं."

बुलेबान उठायला गेला आणि तोंडावर पडला. "यानं मला दोनदिशी पाजला!"

प्रमुख म्हणाले, "आणि तुला कळला नाही? तुला?"

"जीभ बधिर होती, प्रमुख."

लोक हसले. ज्यांची मुळं त्यानं फुकट पारखली तेच हसले. प्रमुखांनी शेत तारीला दिलं. माझ्या अंगाची नुसती आग झाली. रोझिना तर म्हणाली, "माझा भाऊ असं करेल का हो?" बुलेबाननं तोंड फिरवलं. इतका खचलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तारीचं म्हणणं एकच. "मला मुळांतलं काय कळतंय? घाईत कुठलं तरी उपटलं असेल." प्रमुखांनी समेटाचा कावा ठरवला. तो प्यायला की भांडण मिटलं. मुळं तारीनं आणायची होती, तीही ओढ्यापलीकडून, जिथे दोन्ही जाती एकमेकींना खेटून वाढतात. त्यानं आणली, कुटली, करवंटी भरून पुढे धरली.

बुलेबाननं घोट जिभेवर घोळवला आणि थुंकला. "चांगला आहे. एकही मूळ चुकीचं नाही."

तारी खूश होऊन हसला. मग सगळ्यांची तोंडं पाहून त्याचं हसू गेलं. प्रमुख जमिनीकडे बघत राहिले. दिलेला निवाडा काही त्यांनी फिरवला नाही.

बुलेबाननं भरलेली करवंटी खाली ठेवली आणि माझा खांदा धरून घरी आला. रोझिना दारातच उभी होती.

"तुझ्या भावाला मुळं ओळखता येतात गं," तो म्हणाला. "मीच शिकवलं ना."