घोड्यांच्या जत्रेत बोललेलं इंग्रजी

आमच्या सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरते. माझ्या लहानपणी लांबची माणसं तिथे घोडा बघायला येत आणि आलोच आहोत तर म्हणून गावातली एखादी उपवर मुलगीही बघून जात. सकाळी घोडा, दुपारी मुलगी. त्या वर्षी दुपारची पाळी माझी होती.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, शहाद्याला मामाकडे राहून शिकत होते. परीक्षा मार्चमध्ये, आणि पाव्हण्यांना लग्न माघात हवं होतं. म्हणजे परीक्षा गेलीच. हे दादांना, म्हणजे वडिलांना, तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. घरात मी मान खाली घालून फिरायचे आणि मनात स्वतःला फार बंडखोर समजायचे.

बंडाचं हत्यार मास्तरांनी दिलं होतं. आमचे इंग्रजीचे मास्तर फळ्यावर दोन रकाने आखत. डावीकडे ग्लॅड, सॉरी, रेडी, ईगर, अफ्रेड असे शब्द. उजवीकडे सी, गो, हिअर, स्टडी अशी क्रियापदं. मधे टू. टू म्हणजे जू, म्हणायचे, डावीकडचा एक बैल घ्या, उजवीकडचा एक घ्या, जुंपा आणि हाका. ग्लॅड टू सी यू. सॉरी टू हिअर. रेडी टू गो. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि त्यावर हे. पण या जोड्या मला फार आवडल्या. मनातली अवस्था आधी सांगायची आणि मग काम. आमच्याकडे पोरींना नुसतं काम सांगत. ते करायला तू ग्लॅड की अफ्रेड, हे कोणी विचारत नसे. मी विहिरीवर जाता-येता बैल जुंपत सुटले. आपल्याला इंग्रजी येतं अशी माझी ठाम समजूत झाली.

पाव्हणे खांडबाऱ्याचे. मुलाचे वडील, दोन काका आणि मुलाची फुई, म्हणजे आत्या. मुलगा आला नव्हता. तशी पद्धतच नव्हती. फुई सगळ्यांत वयस्कर, नाकात मोठी चमकी, पाटीला कधी हात न लावलेली. चहा झाला, शेव झाली. मला चालून दाखवायला सांगितलं, तसं सकाळी घोडीलाही चालवलं असणार. मग मुलाचे वडील म्हणाले, पोर इंग्रजी शिकते म्हणतात, दोन शब्द बोलू दे.

हीच ती वेळ, असं मला वाटलं. मी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय अॅम सॉरी टू से. आय अॅम नॉट रेडी टू मॅरी. आय अॅम ईगर टू स्टडी."

एवढ्यात माझा सगळा विद्रोह संपला. पण थांबले तर धीर सुटेल म्हणून फळ्यावरचं उरलेलंही त्याच रागात, इंग्रजीतच म्हणून टाकलं. आंबा खायला गोड आहे, डोंगर चढायला अवघड आहे, आपणास भेटून मला आनंद झाला. आनंद झाला हेसुद्धा मी दात-ओठ खात म्हटलं.

पाव्हण्यांतही इंग्रजी कळणारं कुणी नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलाचे वडील खूष झाले. एक काका म्हणाले, फटफटीसारखी चालली. दादांची छाती फुगली. मुलगी पसंत झाली, माय साखर आणायला उठली. मी नकार दिला होता आणि त्याच नकारावर माझं लग्न ठरत होतं.

तेवढ्यात फुई म्हणाली, "साखर राहू द्या. मले हिनी बोली समजनी नही. पन पोर नही म्हनी ऱ्हायनी."

पोर नाही म्हणतेय म्हटल्यावर माय परत खाली बसली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. फुईने विचारलं, "काय करनं शे तुले, बेटा?"

इंग्रजीतली वाघीण अहिराणीत शेळी झाली. पदराचं टोक पिळत कसंबसं म्हटलं, "मले परीक्षा देवानी शे."

"मंग दे. लगीन काय पयी चालनं?"

लग्न काही पळून जात नाही, एवढ्यावर मिटलं. लग्न वैशाखात ठरलं, मार्चमध्ये मी परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा मी सून म्हणून खांडबाऱ्याला होते. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. पेपरात दोन रकाने नव्हते. निबंध होता, उतारा होता, बैल जुंपायला जागाच नव्हती. सासरी हसू झालं. फटफटीवाले काका तर जेवताना दर वेळी आठवण काढत.

फुईने मला ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरायला लावला. आम्ही शब्द दिलाय, म्हणाली. पेपराला नंदुरबारपर्यंत आगगाडीने स्वतः आली, फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून. गाडीत तिने विचारलं, तवय तू काय बोलनी व्हती? मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. आंब्यासकट. ती इतकी हसली की चमकी हलली. मग म्हणाली, एवढंच होतं तर आपल्या बोलीत सांगायचं. मी म्हटलं, आपल्या बोलीत सांगितलं असतं तर दादांना समजलं असतं.

ती खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या वेळी तिला काय म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

मी पास झाले. गुण विचारू नका.