शैलाताईंनी सोडलेली खुर्ची

शैलाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जर्मनीत, डार्मश्टाटच्या स्टेशनबाहेर ट्रामची वाट बघत उभा होतो. त्यांच्या यजमानांचा, अनंतरावांचा एवढाच मेसेज : 'शैला सकाळी गेली. फार त्रास झाला नाही.' ट्राम आली, गेली, मी तिथेच... त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत सगळ्यांचं त्यांच्याविषयी भरभरून सांगून झालंय. मला मात्र त्यांच्याशी मी महिनाभर अबोला धरला होता ते सांगायचंय, कारण त्यांचे माझ्यावरचे उपकार तिथूनच सुरू होतात.

ताई पुण्याहून बी.फार्म. होऊन, लग्न करून इथे आल्या. इथे ती पदवी तशीच्या तशी चालेना. मग आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, मागच्या खोलीत खोकी फोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली. जर्मन शिकल्या, परीक्षा दिल्या आणि फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभ्या राहिल्या. एखादी आजी त्यांना बघून विचारायची, "कुणी जर्मन बाई नाहीत का?" त्यावर ताई हसून म्हणायच्या, "आहेत की. पण गोळी हीच मिळेल." हा किस्सा त्या रंगवून सांगायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुढे जवळच्या एका विद्यापीठानं फार्मसीच्या प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला त्यांना बोलावलं. प्राध्यापकांच्या जोडीला दुकानात प्रत्यक्ष उभं राहिलेलं कुणीतरी हवं होतं. त्या पॅनेलवर सावळ्या त्या एकट्याच. "इथल्या फॉर्मवर वर्ण विचारत नाहीत, ते चांगलंच आहे," त्या म्हणायच्या, "पण पोरगं दारातून आत आलं की दिसतोच ना रे! आणि हे म्हणतात, आम्ही फक्त मार्क बघतो." त्यांचं म्हणणं साधं होतं. औषध घ्यायला साऱ्या जगातून आलेली माणसं दुकानात येतात, मग औषध देणारे सगळे एकाच तऱ्हेच्या घरातले कसे चालतील? राखीव जागा त्यांनी मागितल्या नाहीत. मुलाखतीत एक प्रश्न वाढवून मागितला, सगळ्या मुलांना सारखाच, आणि त्यासाठी काही वर्षं चिवटपणे भांडल्या. प्रश्न यादीत आल्याचं त्यांनी आम्हाला मंडळाच्या गणपतीत सांगितलं, पण तो कोणता ते सांगितलं नाही. आमचं लक्ष तसंही मसालेभाताकडे होतं.

आणि मग आमच्या ईरालाच फार्मसीला जायचं ठरलं. लेक इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. मार्क काठावरचे, म्हणजे सगळी भिस्त मुलाखतीवर. पोरगी जेवेनाशी झाली होती. तेव्हा मी, जर्मन कंपनीत वीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसानं, काय केलं असेल? बायकोकडून चकल्या करून घेतल्या आणि डबा घेऊन ताईंच्या घरी गेलो.

"ताई, ईराची मुलाखत आहे. तुम्ही असालच ना तिथे? जरा बघा..."

त्यांनी हातातली चकली बशीत ठेवली. "हे बघ, नितीन, हे तू बोलायला नको होतंस. आपली ओळख आहे एवढंच मी त्यांना कळवलं असतं, मग बसायचं की नाही ते त्यांनी ठरवलं असतं. आता मला उठावंच लागणार."

"अहो ताई, पण आपलीच मुलगी..."

"म्हणूनच. उद्या कुणी म्हणालं की ही ओळखीनं आली, तर ते तिच्या एकटीला चिकटणार नाही रे. तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक सावळ्या पोराला चिकटेल."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसं लिहून कळवलं. ईराच्या मुलाखतीपुरती त्यांची खुर्ची विद्यापीठानं दुसऱ्या कुणाला दिली. पॅनेलवरची एकुलती एक सावळी बाई मी चकल्या नेऊन बाहेर काढली होती! रागावलो मात्र त्यांच्यावरच. घुश्श्यात महिनाभर फोन केला नाही. त्यांनी दोनदा केला, तो मी उचलला नाही. याची लाज आजही वाटते.

मुलाखतीहून ईरा आली ती गोंधळलेली. म्हणाली, एक विचित्रच प्रश्न होता : घरातल्या कुणाला कधी औषध समजावून सांगावं लागलं का, आणि तेव्हा कुठे अडलं? तिनं सांगलीच्या आजीची गोष्ट सांगितली. आजीच्या ब्लडप्रेशरच्या गोळीवर 'जेवणानंतर एक' असं लिहिलेलं. आजी दर एकादशीला आणि दर सोमवारी गोळी घ्यायचीच नाही. उपवासाला जेवणच नाही, तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची? व्हिडिओ कॉलवर हे ईरानं हुडकलं होतं आणि डॉक्टरांना विचारून 'खिचडीनंतर घे' असं आजीला पटवलं होतं. आमच्या घरात तो एक विनोद होता. पॅनेलनं तिला त्यावर बराच वेळ विचारलं, म्हणाली. रमझानमध्ये काय सांगशील, तेही विचारलं.

तिला प्रवेश मिळाला. मी ताईंना फोन केला, रडवेला होऊन माफी मागितली, म्हटलं, तुम्ही भांडून आणलेल्या त्या प्रश्नानंच तारलं. "प्रश्न काय रे, कुणीही विचारला असता," त्या म्हणाल्या, "पण उपवासाचं मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. त्या पोरीला घेऊन ये जेवायला. आता चालेल."

ईरा आता चौथ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्यांच्या वतीनं यंदा तीही मुलाखतींना बसणार आहे. गेल्या रविवारी दुसऱ्या शहरातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरचा फोन आला. त्याचा मुलगा ईराच्याच विद्यापीठात अर्ज करतोय. "सगळेच या ना जेवायला, ईरालाही आणा," फार आग्रहानं म्हणाला. मी ईराकडे बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मग मीच त्याला म्हटलं, "मुलाखत होऊन जाऊ दे, नंतर नक्की येतो." तुटकपणे 'बरं' म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला पुरतं ठाऊक होतं. महिनाभरानं मीच त्याला फोन करणार आहे, आणि त्यानं उचलला नाही तर पुन्हा करणार आहे.