डावी बगल

आमच्या हिला माणूस नंतर दिसतो, आधी त्याचा कपडा कुठे विरलाय ते दिसतं. पहिल्या भेटीत माझ्या पँटकडे बघून म्हणाली, "उजवा पाय घासत चालता वाटतं?" मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आता आमचं शिलाईचं दुकान आहे. ती बेतते आणि शिवते, मी काजं-बटणं करतो आणि बोलणी खातो.

तिची धाकटी बहीण व्हॉलीबॉल खेळते. उंचीमुळे आम्ही तिला शिडी म्हणतो. जाळीपाशी उडी मारून ती उजव्या हाताने असा चेंडू हाणायची की समोरच्या मुली आधीच डोळे मिटायच्या. पण यंदा तिचा उजवा खांदा दुखायला लागला. विश्रांती झाली, शेक झाला, तरी खेळायला गेली की दुखणं हजर. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि तिचा फटका पार मवाळ पडला होता.

एका दुपारी शिडी दुकानात येऊन बसली. "ताई, संपलं गं माझं," म्हणाली आणि रडायला लागली. ही मात्र तिची जर्सी उलटीपालटी करत होती.

"अगं, तुझी डावी बगल हल्ली उसवत नाही ती?"

"खांदा उजवा दुखतोय तिचा," मी म्हणालो. "रोग रेड्याला, औषध पखालीला!"

"रेडा कुणाला म्हणता, दाजी?" शिडी रडता रडता म्हणाली.

"हाणते उजव्याने आणि उसवायचं डावीकडे, याचं मला नवलच वाटायचं," ही म्हणाली. "शेवटी वैतागून मी थोडं कापड आत दाबलं, पट्टी लावली आणि दुहेरी टीप मारली. तुझा खांदा कधीपासून दुखतोय गं?"

शिडीने नाक पुसलं. "त्यानंतरच."

हिचा चेहरा उतरला. शटर ओढून आम्ही तिघं शिडीचा खांदा बघणाऱ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो.

बाईंनी शिडीला ती जर्सी घालून दोन्ही हात वर करायला लावले. डावा अर्ध्यातच अडला. "मी म्हणतच होते, डावा हात वर नेत नाहीस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं. फटका खांद्यात जन्मत नाही. पाय जमीन ढकलतात, तो जोर कंबरेतून वर येतो. डावा हात आधी वर जातो आणि झटक्यात पोटाकडे येतो. त्याबरोबर पोटाचे तिरके स्नायू आवळतात, छाती वळते आणि उजवा हात भिरकावला जातो. डावा अडला की धड पुरतं वळत नाही, मग सगळा भार खांद्याभोवतीच्या छोट्या स्नायूंवर येतो. चेंडू मारल्यावर हाताला आवरायचं कामही त्यांच्याकडेच, म्हणजे बिचाऱ्यांना दुहेरी राबणूक.

"म्हणजे माझ्या टिपेनेच पोरीचा खांदा धरला," ही म्हणाली आणि बाईंसमोरच रडली.

घरी येऊन तिने पट्टी उसवली आणि तिथे नुसता कच्चा धावदोरा घातला.

"उघडीच ठेव की," मी म्हणालो.

"मग हात वर जातोय की नाही, मला कळणार कसं?"

शिडीने बाईंनी दिलेले व्यायाम मन लावून केले. निवडीच्या दिवशी पहिले काही चेंडू तिने जपूनच मारले. मग एक चेंडू उंच आला, शिडी उडाली, डावा हात सरळ वर गेला, आणि समोरच्या मुलीने डोळे मिटले. खाली आल्यावर तिने खांदा गोल फिरवून पाहिला आणि आमच्याकडे बघून हसली.

जन्मभर उसवलेल्या शिवणीवर नाक मुरडणारी आमची ही बाकावर चढून ओरडली, "उसवली! अहो, उसवली!" आजूबाजूचे लोक आपापले कपडे चाचपायला लागले.

पुढे शिडी राज्याच्या संघाची नवी कोरी जर्सी दाखवायला दुकानात आली. हिने ती कौतुकाने छातीशी धरली, डोळे पुसले आणि लगेच कात्री घेऊन डावी बगल उसवायला बसली. हात मोकळा वर जावा म्हणून तिथे तिला जादा कापडाचा ऐसपैस चौबगला बसवायचा होता.