माथुर मॅडमना मारलेली थाप

"रिपोर्ट नॉर्मल आहेत," डॉक्टर म्हणाले आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच उडाला.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आईच्या आजारपणातही मला हेच सांगितलं होतं. नॉर्मल आहे, बरी होईल. महिन्याभरात ती गेली.

वर्गात बसल्या बसल्या माझी छाती धडधडायची, बोटं बधिर व्हायची, आता आपण मरणार असं वाटायचं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, 'अँक्झायटी न्यूरोसिस'. म्हणजे शरीर ठणठणीत, पण मनातली भीती शरीराला छळते. मला वाटलं, हेही लपवाछपवीच करताहेत.

बाबा फौजेत मेजर. तेव्हा आम्ही राहायचो त्या खातीपुऱ्याहून स्कूटरवर ते मला समुपदेशक माथुर मॅडमकडे नेत. त्या औषध देत नसत, नुसतं बोलत. "बेटा, डर कहाँ लगता है? शरीर में दिखाओ." बाहेर बाकावर मोठी माणसंही बसलेली असत, एकमेकांची नजर चुकवत. मी बोललेलं सगळं बाबांपर्यंत पोचतं, अशी माझी खात्री होती.

म्हणून एकदा मुद्दाम थाप मारली. "मी बाबांच्या सिगारेटी चोरून ओढते."

बाबांना कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. जेवताना मी त्यांचा चेहरा निरखत राहिले. काहीच नाही. तरी शंका होतीच. दोघं मिळून मला खेळवत तर नसतील?

मग एके दिवशी मला बाहेर बसवून बाबा आत गेले. त्यांचा चढलेला आवाज ऐकू आला. "क्या बोलती है वो? मैं बाप हूँ उसका!"

"उसी से पूछिए, मेजरसाहब. मैं नहीं बताऊँगी."

बाबांशी असं कुणीच बोलत नसे.

पुढच्या वेळी मी थापेचं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. "पहले कभी तुमसे किसी ने झूठ बोला था?"

मग मी आईचं सगळं बोलले. खूप रडले. हे बाबांसमोर बोलायचं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी हो म्हटलं.

बाबा ताठ बसून ऐकत होते. मग मराठीत म्हणाले, "आई वाचणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं गं. तुला सांगायचं धाडसच झालं नाही."

भीतीचे झटके लगेच थांबले नाहीत. हळूहळू विरळ झाले. तुमच्यावर अशी वेळ आली, तर संशय येईल. येऊ दे. पण जात राहा.

नंतर बाबांनी स्वतःसाठीही मॅडमची वेळ मागून घेतली. ते आत काय बोलायचे, मी कधीच विचारलं नाही.