शेंदूर फासलेली पट्टी

नदीकडे पाहण्याचा पगार मिळतो, हे आमच्या गावाला पटतच नव्हतं. देवमन इंगळेला मात्र तो अठ्ठावन्न सालापासून मिळत होता. पूर्णेच्या पात्रापासून काठापर्यंत सरकारनं फुटांचे आकडे रंगवलेले खांब टप्प्याटप्प्यानं रोवले होते, त्यांना तो पट्टी म्हणायचा; काठावरचा शेवटचा खांब चौदा ते वीस फुटांचा. पाणी कुठवर आलं ते दिवसातून तीनदा वहीत लिहायचं, पूर असला की तासातासाला. अठरा फूट झाले की खालची वस्ती उठवायची, असा हुकूम होता.

आम्ही बायकांनी त्या काठावरच्या खांबालाच नदीची देवी करून टाकलं. श्रावणात तेल-शेंदूर लावायचा. देवमन हात जोडायचा, "माय, आकडे झाकून राहिले. बाजूच्या दगडाले लावा ना."

तो छप्पन साली बौद्ध झालेला. तेवढं निमित्त मला पुरलं. "सोताचे देव सोडले, आता आमच्या देवावर उठला का रे?" मी म्हणाले आणि मुद्दाम हातभर जास्त शेंदूर थापला. जीभ माझी पहिल्यापासूनच तिखट.

एकोणसाठच्या भादव्यात एका सकाळी आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस होता वर मेळघाटात. नदी गढूळ होऊन भराभर चढत होती. खालच्या वस्तीत माझी बहीण वच्छला आठ दिवसांची बाळंतीण.

"वस्ती उठवा," काठावर जमलेल्या माणसांपुढं देवमन धापा टाकत म्हणाला.

"आकडा सांग," भगवंतराव पाटील अडून बसले. "मांगच्या साली दोनदा उठवली, पानी आलंच नाही. आता बिनाआकड्याचं कोन उठते?"

"आकडा शेंदरात हाय, पाटील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

देवमननं कमरेला दोर बांधला, टोक पाटलांच्या हाती दिलं आणि पाण्यात उतरला. पाणी छातीला लागलं. एक बाभूळ वाहत आली, त्याला घासून गेली. खांबाला दर फुटावर खिळा होता, हे एकट्या त्यालाच माहीत. वरचं टोक वीस फुटांचं. तिथून तो शेंदरातून हात खाली नेत गेला. पहिला खिळा एकोणीस. दुसऱ्या खिळ्यावर हात ठेवला, तेव्हा बोटं पाण्यात होती.

"अठरा!" तो ओरडला. "अन् वाढूनच राहिली!"

मग कोणी वाद घातला नाही. मी वच्छलाचं बाळ पदरात घेऊन धावत वर आले. दुपारपर्यंत तिच्या घराची भिंत बसली.

चार दिवसांनी अमरावतीचे साहेब आले. नदीवरच वही उघडून विचारलं, "सकाळचे सात आणि आठचे आकडे कुठं आहेत?"

देवमनच्या हाताला चिंधी बांधलेली होती, खिळ्यांनी तळवा फाटला होता. "पट्टी साफ ठेवली नाही, साहेब. चूक माझी हाय."

साहेबांनी लेखी ठपका ठेवला. मी चार पावलांवर घागर घेऊन उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी घासलेट आणि काथ्या घेऊन नदीवर गेले. देवमन एका हातानं खांब घासतच होता. माझ्याकडे बघून जरा बाजूला सरकला.

"बाई, तुमी अठरापासून खाली घ्या," तो म्हणाला.