अपडेटनंतर गायब झालेलं नेटवर्क

मंडळी, आत्ताच मार्केट यार्डातून विश्रांतवाडीला घरी पोचले. पाठ मोडून आलीये.

शीतगृहाचं तापमान मोबाइलवर दाखवणारं यंत्र आमची कंपनी बनवते. त्याची सिस्टीम आम्ही काल अपडेट केली. सकाळी मार्केट यार्डातल्या शीतगृहाच्या मालकांचा फोन: "अहो मॅडम, आपलं यंत्र कालपासून मौनात गेलंय. आत डाळिंबं भरलीयेत, माहितीये ना?"

गेले. यंत्र थोडा वेळ चालायचं, मग नेटवर्क गायब. केबल बदलली, तेच. जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, परत टाकला, तर सगळं सुरळीत. म्हणजे घोळ आमचाच.

मग नव्या कर्नलमधले बदल एकेक करून तपासले. दर वेळी यंत्र चालू करायचं आणि बंद पडायची वाट बघत बसायचं. संध्याकाळी सापडलं. नेटवर्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, वीज वाचवायची नवी सोय होती. काम नसलं की नेटवर्कचा पोर्ट झोपायचा आणि उठायचाच नाही. ती सोय काढून टाकली.

मालक म्हणाले, "म्हणजे दिवसभर खपून आपण परवासारखं करून दिलंत."

"हो," म्हटलं. भांडायला त्राण नव्हतं.

आता आई विचारतेय, "आज काय केलंस गं?"

असल्या दिवशी तुम्ही घरी काय सांगता?